लाल काठाची चटई आणि नऊ जणांचं सरकार

मित्रांनो, मी केवड्याच्या पात्यांची जुनी चटई आहे. जुनी म्हणा, फाटकी म्हणालात तर याद राखा! लेइताऊ आजीनं मला तीन महिने विणलं, लाल काठ घातला. आमच्या बेटावर लाल काठाच्या चटईवर बसून जो जेवला, त्यानं नव्या कोनफळाच्या काढणीपर्यंत त्या घराचं छप्पर पाडायचं नाही, म्हणजे त्या घरच्यांना खाली ओढायचं नाही, अशी रीत आहे.

गोऱ्यांचा झेंडा उतरून बाराच दिवस झाले होते. एकवीस जणांच्या सभेत आजीच्या मुलाचे, काल्मेतचे, नऊच निघाले. त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत सरकार उभं राहिलं नाही, तर गोरा साहेब आणखी वर्षभर खुर्चीत राहणार होता. आजीनं मला मुद्दाम दाराशी अंथरलं.

पाच जणांचा म्होरक्या मालास आला, तो उभ्या उभ्याच म्हणाला, "काकू, तुमच्या पोराच्या सरकारात मी येणार नाही. नऊ जणांत कुठं राज्य चालतं?"

"ये म्हणतंय कोण? उपाशी दिसतोस, हे घे," म्हणत तिनं केळीच्या पानात भाजलेलं, किसलेल्या कंदाचं गरमागरम लापलाप त्याच्या हातावर ठेवलं.

वडीलधाऱ्या बाईसमोर उभ्यानं खाणं आमच्यात शोभत नाही. हात तर भाजत होते. मालास मटकन बसला, दोन घास गिळले, आणि मग त्याची नजर खाली गेली.

"काकू, फसवलंत मला!"

"डोळे तुझे, चटई माझी. ऊठ हवं तर. बेटभर सांगीन, मालास अर्ध्या जेवणावरून पळाला म्हणून."

बाहेर त्याचे चौघे हसू दाबत होते. शेवटी तोही हसला. "पण काल्मेतला मत देणार नाही हं मी."

"नको देऊस. पाडू नकोस, तेवढं बास. आणि त्या चौघांना आत बोलाव, निवतंय."

विरोधातले उरलेले सात एकटे काय करणार? ऊन उतरलं तेव्हा नऊ जणांचं सरकार उभं होतं आणि साहेबाची पेटी बोटीत चढत होती.

आता सभागृहात मऊ गालिचा आहे म्हणे. मी काचेच्या पेटीत. वर पाटी, 'हात लावू नये'. मला कीव नको तुमची. काच काढा, मला उन्हात झटका, अंथरा आणि वर पानं वाढा. छाती असेल त्यानं बसावं. नसेल त्यानं दारात उभं राहून हात भाजून घ्यावेत.