मागच्या अंगणातली भेग

"अहो, तिथे उकिडवे बसून काय शोधताय? काही पडलंय का?" बायकोनं मागच्या दारातून विचारलं.

"काही नाही गं. जमीन जरा तडकलीय, तेवढं बघतोय."

"उन्हानं तडकली असेल. आत या, चहा निवतोय."

उन्हानं तडकली नव्हती, हे मोजणीदारांना पक्कं ठाऊक होतं. चार दिवसांपूर्वी धुण्याच्या दगडापासून कुंपणापर्यंत केसाएवढी रेघ उमटलेली त्यांना दिसली होती. तिच्या दोन्ही अंगांना एकेक खिळा ठोकून त्यांनी अंतर घेऊन ठेवलं होतं. आज पोलादी टेप ताणली, आकडा पाहिला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. तीनदा मोजलं तरी आकडा हलेना. एकवीस मिलिमीटर वाढ.

एकतीस वर्षं ते हेच काम करत होते. गावाच्या पलीकडे क्षितिजापर्यंत गेलेली खचदरी होती. तिच्या तळातल्या भेगांच्या दोन्ही बाजूंना खडकात लोखंडी खुंट्या रोवलेल्या होत्या. सकाळी सातला जायचं, एकेका जोडीतलं अंतर घ्यायचं, वहीत लिहायचं आणि कचेरीला कळवायचं. वर्षाकाठी पाच-सहा मिलिमीटर वाढ, बस्स. आपली नखंसुद्धा त्याहून भरभर वाढतात. एवढ्यासाठी माणूस पगारी ठेवलाय म्हणून गावात त्यांची थट्टा व्हायची, आणि तेही हसण्यावारी न्यायचे.

लग्न नवं होतं तेव्हा त्यांनी बायकोला सगळं समजावून सांगितलं होतं. खालून तापलेला खडक वर रेटतोय, म्हणून वरचं कवच ताणलं जातंय, पातळ होतंय. फार ताणलं की ते तुटतं, मधला पट्टा खाली बसतो. भेगांतून शिलारस वर येतो, गोठतो, आणि तोच पुढे समुद्राचा तळ होतो. मग एके दिवशी पाणी आत शिरतं. एका खंडाचे दोन होतात आणि मधे समुद्र.

"मग येणार कधी तो समुद्र?" तिनं डोळे मोठे करून विचारलं होतं.

"एक कोटी वर्षांनी."

"बाई गं! मग वाळत घातलेले कपडे काढायला वेळ आहे म्हणायचा."

अशी होती ती. गेल्या दोन वर्षांत मात्र तिचं एकेक सुटत चाललं होतं. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग बहिणीचा चेहरा. पण या घरात तिचे हात चुकत नसत. अंधाऱ्या फळीवरचा मिठाचा डबा बरोबर सापडे. नऊच्या सुमारास मोजणीदार मागच्या दारानं आत आले, की न बघताच ती म्हणे, "आलात? पाय पुसून या." डॉक्टरांनी बजावलं होतं, "जमेल तोवर घर बदलू नका. घराच्या आधारानंच त्या तुम्हाला ओळखतात."

आणि नेमकी आत्ताच जमीन जागी झाली होती. आठवडाभर धक्के बसत होते. कपाटातली भांडी वाजत होती. एकतीस वर्षांत पंधरा-सोळा सेंटिमीटर सरकलेली दरीतली मोठी भेग पाच दिवसांत हातभर रुंद झाली होती. मुख्य कचेरीतून भूगर्भाच्या मॅडम आल्या. जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरून त्यांनी धोक्याची रेघ आखली. मोजणीदारांची गल्ली त्या रेघेच्या जेमतेम बाहेर राहिली.

"तुमच्या बाजूला काही हालचाल?" मॅडमनी विचारलं होतं.

"बघून सांगतो," एवढंच ते म्हणाले होते.

आता बघून झालं होतं. अंगणात दुसरं कुणी येत नव्हतं. खिळे उपटून वर दोन घमेली माती ओढली असती, तर कुणाला पत्ताही लागला नसता. त्यांनी एका खिळ्याला हातही घातला.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या शिंप्यानं हाक मारली. "मोजणीदार, तुम्ही आहात म्हणून आम्ही निवांत आहोत बघा. सूनबाई परवाच बाळंत झालीय. हलायचं असेल तर आधी सांगाल ना?"

मोजणीदारांनी खिळ्यावरचा हात काढला. "सांगतो," ते म्हणाले.

चहा संपवून त्यांनी मॅडमना फोन लावला. आकडा सांगितला.

"एकवीस म्हणजे तुमची पूर्ण गल्ली रेघेच्या आत येते," मॅडम म्हणाल्या. "आणि वहिनींना तर डॉक्टरांनी..."

"आकडा एकवीसच आहे, मॅडम," मोजणीदार म्हणाले. त्यांना स्वतःचाच आवाज परका वाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गल्ली रिकामी झाली. बायको ट्रकमध्ये त्यांचा हात घट्ट धरून बसली होती. "कुणाकडे चाललोय आपण? घराला कुलूप लावलंत ना?"

"लावलंय."

एकोणिसाव्या दिवशी भरदुपारी गल्लीची मागची बाजू पुरुषभर खाली बसली. शिंप्याचं घर मधोमध चिरलं. मोजणीदारांचं मागचं अंगण, स्वयंपाकघर, फळी, सगळं भेगेत गेलं. माणूस एकही दगावला नाही. कचेरीतून शाबासकीचं पत्र आलं. शिंप्यानं नातवाला आणून त्यांच्या मांडीवर दिलं. मोजणीदारांनी टोपडं सारखं केलं आणि बाळ परत दिलं.

टेकडीवर मिळालेल्या दोन खोल्यांत स्वयंपाकघर उजव्या हाताला होतं. बायको डावीकडे जाई आणि भिंतीशी थबके. डबे उघडून बघे, परत लावी. पहिले काही दिवस ती "अहो, घरी कधी जायचं?" असं विचारत राहिली. मग तेही विचारायची थांबली.

एक दिवस मोजणी आटोपून नऊच्या सुमारास ते परतले. तिनंच दार उघडलं. त्यांना बघून पदर सावरला.

"कोण हवंय आपल्याला?"

मोजणीदार उंबऱ्यातच थांबले.

"आमचे हे मोजणीला गेलेत," ती अदबीनं म्हणाली. "येतीलच इतक्यात. बसा ना तुम्ही."

तिनं खुर्ची ओढली, हातानं झटकून पुढे केली. ते बसले.

"तुम्हीही त्यांच्याच खात्यात का?"

"हो," मोजणीदार म्हणाले. "एकतीस वर्षं झाली."

"मग भेटतील तेव्हा सांगा त्यांना. मला इथलं काही सापडत नाही म्हणावं. लवकर या म्हणावं."

"सांगतो."

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि टाच उंचावून रस्ता न्याहाळू लागली. मोजणीदार खुर्चीच्या कडेवर, पाहुण्यासारखे, गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले.