गुलाबी पाणी येईपर्यंत

"नळ सोडा, लॉइड! गुलाबी पाणी आलं की हाक मारा," बोटीच्या पोटातून व्हर्ना ओरडली.

"अजून साधंच येतंय."

"येऊ दे. साधं पाणी आत राहिलं तर जानेवारीत नळ्या फुटतील, मग मला बोल लावाल."

व्हर्ना कोवालचुक कॅनडातल्या जॉर्जियन बेच्या काठावरल्या या यार्डात एकतीस वर्षं बोटी हिवाळ्यासाठी आवरत होती. क्रेनने बोट पाण्याबाहेर काढायची, टेकूंवर बसवायची, इंजिनचं तेल बदलायचं, नळ्यांतून न गोठणारं गुलाबी पाणी फिरवायचं, बॅटरी काढायची, वर प्लास्टिक ताणायचं. यंदा सगळ्यात शेवटी राहिली होती लॉइड पेट्रीची बोट. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला हा माणूस दरवर्षी पहिला नंबर लावायचा. या खेपेला त्याने तीनदा तारीख पुढे ढकलली. काल काठाशी बर्फाची साय धरली, तेव्हा कुठे तो तयार झाला.

"आलं! गुलाबी आलं!"

"बंद करा."

गाद्या वाऱ्याला उभ्या कराव्यात म्हणून तिने आतल्या बाकाचं झाकण उचललं. खाली हिवाळी बूट, घडी घातलेले शर्ट, गोळ्यांचे डबे. कडेला पेन्शनच्या पत्रांचा गठ्ठा, प्रत्येकावर पत्ता यार्डाचा. म्हणजे वसंत ऋतूपासून हा इथेच राहत होता. तिने झाकण हळूच खाली टेकवलं.

"हिवाळ्यात कुठे मुक्काम?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"सडबरीला, बहिणीकडे. मोठं घर आहे तिचं."

त्या बहिणीला पुरून आल्याचं गेल्या वर्षी त्यानेच सांगितलं होतं, याच बोटीत, हेच काम चालू असताना. व्हर्ना बॅटरीचे नट सोडवत राहिली.

नवऱ्याचं घर सोडून ती या यार्डात आली, तेव्हा ऐन नोव्हेंबर होता. तेव्हाचा म्हातारा मालक म्हणाला होता, "वरच्या खोलीतली शेगडी चालू ठेवायला माणूस हवंय. रंगाचे डबे गोठतात." ती तिथे दोन हिवाळे राहिली. खोलीत रंगाचे डबे होते तीन, तेही वाळलेले. आताचा मालक थंडीचा फ्लोरिडाला जाई आणि किल्ल्या तिच्याकडेच असत.

"बहिणीकडे जायची घाई आहे का?" ती बॅटरी उचलत म्हणाली. "माझा खांदा गेलाय. प्लास्टिकवरचा बर्फ रोज पाडावा लागतो, नाहीतर भाराने फाटतं. वर्कशॉपवर खोली आहे, शेगडी आहे. मार्चपर्यंत थांबाल?"

लॉइडने तिच्याकडे रोखून पाहिलं. "दया करतेस काय गं?"

"दया? ब्याण्णव बोटी आहेत. आठ दिवसांत मला शिव्या घालाल."

तो बराच वेळ फडक्याने नळ पुसत राहिला. नळ कधीच स्वच्छ झाला होता.

"बहिणीला कळवावं लागेल," तो शेवटी म्हणाला. "वाट बघत असेल."

"कळवा ना."

तो शिडीवरून उतरला आणि शेजारच्या बोटीआड जाऊन उभा राहिला. खिडकीच्या गोल काचेतून व्हर्नाला तो दिसत होता. फोन कानाला लावून मान हलवत होता, मधेच हसत होता, पुन्हा काही समजावत होता. फोन कानाला लावण्याआधी त्याने एकही आकडा दाबला नव्हता. तिने तोंड वळवलं.

"रुसली जरा," परत येऊन तो म्हणाला. "पण म्हणाली, कामाला नाही म्हणू नकोस."

"शहाणी आहे," व्हर्ना म्हणाली.

दुपारी त्याने बाकाखालचं सामान दोन पिशव्यांत भरलं. तिने हात पुढे केला नाही. वर्कशॉपच्या लाकडी जिन्यावर त्याची पावलं वाजू लागली तशी ती पाठमोरी झाली आणि बोटीवर प्लास्टिक ओढू लागली. वरचं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही.