डाव्या पायाचा साक्षीदार

मित्रांनो, मीटर म्हटलं की तुम्ही विजेच्या पेटीकडे बघता. मी तो नव्हे. मी पॉवर मीटर. सायकलच्या डाव्या पायडलच्या दांड्याला चिकटलेला, बिस्किटाएवढा, चार जणांच्या हातून फिरून जुना झालेला. पायाने किती जोर लावला ते मी वॅटमध्ये मोजतो आणि हँडलवरच्या छोट्या पडद्यावर दाखवतो. वेगाचं काय, तो वाऱ्याला फितूर होतो. मी होत नाही.

पेणला मला भाविकाने आणलं. दिनानाथकाकांच्या गणपतीच्या कारखान्यात ती मूर्तींचे डोळे आखते. सकाळी सायकल, मग दिवसभर कुंचला. रोह्याला सायकलिंगच्या जिल्हा संघाची निवड होती आणि वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटचीच संधी. दर रविवारी ती जिते गावाच्या रस्त्याला वीस मिनिटं जीव तोडून पायडल मारायची. आकडा यायचा एकशे ऐंशी. काका खूश, मी त्याहून.

मग परदेशी जाणाऱ्या मूर्तींची घाई सुरू झाली, आणि एका रविवारी मी मोजलं, एकशे बेचाळीस! मी हादरलो. पुढच्या रविवारीही तेच. घाम तेवढाच, धाप तेवढीच. वेग तर उलट जास्त, कारण वारा पाठीशी होता. मग अडतीस वॅट गेले कुठे?

"मीटर मेलाय," काका म्हणाले. "चाळीस वर्षं डोळे आखतोय. फूटपट्टी लावली का कधी? नजर पुरते."

"काका, तुमची मूर्ती चढ चढत नाय," भाविका म्हणाली.

"उतरव त्याला!"

साधा दांडा बसवला गेला आणि मी कुंचल्यांच्या डब्यात. खरं बोललो, म्हणून डब्यात!

पण डब्यातून मला दिसलं. भाविका पाटावर बसायची, डावा पाय दुमडून अंगाखाली घेऊन. डोळा आखताना हलायचं नाही, अशी तिथली शिस्त. एक मूर्ती, दुसरी, दहावी, आणि दिवसभर तोच पाय खाली.

एका दुपारी ती उठली आणि धाडकन पडली. रंग कालवणाऱ्या विमलबाई धावल्या.

"गो, पाय मेला की काय तुझा?"

"मुंग्या आल्यात. रोजच येतात."

"रोज? नि हात उजव्या गुडघ्यावर कशाला?"

"तो हल्ली दुखतो..." भाविका थबकली. डब्याकडे बघतच राहिली. "काका! हा फक्त डावा पाय मोजतो. नि दुप्पट करून सांगतो!"

मित्रांनो, मीही सुन्न झालो. मला वाटे, मी अख्खा माणूस मोजतो. मोजत होतो अर्धाच. डावा पाय एकोणीस वॅटनी खचला होता, उजवा मुकाट्याने त्याचं ओझं ओढत होता, आणि वेगाला त्याचा पत्ताच नव्हता. डॉक्टर म्हणाले, आणखी महिनाभर हे चाललं असतं तर गुडघा गेला असता.

काकांनी सुताराकडून मूर्तीसाठी उंच टेबल करून घेतलं, तिच्यासाठी स्टूल. मला सदऱ्याच्या टोकाने पुसून परत जागेवर बसवलं. आकडा हळूहळू चढू लागला.

रोह्याला वारा समोरून होता. वेग लाज वाटावी इतका उतरला. बऱ्याच मुली घाबरून सुरुवातीलाच जास्त जोर लावून दमल्या. भाविकाने माझा आकडा धरून ठेवला, एकशे अठ्ठ्याहत्तर. सहा जणी घ्यायच्या होत्या, ती सहावी आली. काका धावत आले. कितवी आलीस, हे विचारलंच नाही.

"आकडा किती? डावा नीट व्हता ना?"

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, बॅटरी बदला. पण माझा आकडा पडला, तर मला डब्यात टाकण्याआधी माणसाच्या पायांकडे बघा.

कारखान्यात आता दर तासाला काका आपल्या पाटावर थाप मारतात. "ऊठ गो, मूर्ती पळून जात नाय." मग स्वतःही उठतात. चाळीस वर्षं डावा पाय दुमडून बसलेले काका. चालताना लंगडतात, हे मला परवाच दिसलं. त्यांचा पाय मोजायला तेव्हा कोणी नव्हतं.