खारकीचं पाणी

सारजाबाईंचं शेत प्लॉटिंगमध्ये गेलं. बैलजोडी गेली, गोठा गेला. पडेगावच्या नव्या वसाहतीतल्या दोन खोल्यांत त्यांच्या मागोमाग आली ती एकटी खारकी. खारकेच्या रंगाची ही कुत्री शेतावर राखणीला होती. इथं राखण्यासारखं काही नव्हतं, तरी ती दारात आडवी पडून येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी घ्यायची.

दोन हजार सोळाचा उन्हाळा होता. टँकर आठ दिवसांनी यायचा आणि पाणी साठवायला भांडी पुरायची नाहीत. गल्लीतल्या काकासाहेबांनी कुठूनसे वीस निळे ड्रम मिळवले आणि घरोघर एकेक पोचता केला. "कारखान्यातले हायत, लई मजबूत," असं ते कौतुकानं सांगायचे. गल्लीनं त्यांना तोंडभरून दुवा दिला. प्यायला विकतचा जार आणि बाकी सगळ्याला ड्रम, असं सुरू झालं. खारकीचं भांडंही ड्रमातल्याच पाण्यानं भरायचं.

वैशाखात खारकीनं भाकरी सोडली. बाईंना वाटलं, ऊन बाधलं असेल. मग ती पिवळं ओकू लागली, आणि एका सकाळी जांभई देताना तिच्या हिरड्या दिसल्या. हळद माखल्यासारख्या! जुन्या लुगड्यात गुंडाळून बाईंनी तिला रिक्षानं जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर मृण्मयी वयानं लहान, पण हात सावकाश चालवणारी. तिनं डोळे पाहिले, पोट चाचपलं, रक्त घेतलं.

"मावशी, कावीळ आहे. यकृत सुजलंय," ती दुपारी म्हणाली. "गोचिडताप नाही. उंदराचं औषध, बुरशी आलेलं काही खाण्यात गेलं का?"

"नाय हो. म्या खाते तेच तिला. ताजी भाकरी न् ताक."

"आणि पाणी?"

"माझं जारातलं. तिचं ड्रमातलं."

"ड्रम कुठला?"

बाईंनी सांगितलं तशी डॉक्टरीण लिहायची थांबली. "कारखान्यातल्या ड्रमात आधी रसायनं असतात. ह्याच्यामुळंच झालं, असं मी छातीठोकपणे नाही सांगणार. पण अंगात शिरलेलं विष निस्तरायचं काम यकृताचं. रोज थोडं थोडं येत राहिलं की तेही थकतं. सलाईन, औषधं मी बघते. ते पाणी मात्र आजच बंद करा. तुम्ही पिता तेच तिला द्या. आणि मऊ भात, थोडा थोडा, चार वेळा."

घरी येताच बाईंनी भर उन्हात ड्रमाचं झाकण काढलं आणि आत तोंड घातलं. रंगाच्या दुकानात येतो तसला वास. पुसट होता, पण होता. इतके दिवस नाकाला त्याची सवयच होऊन गेली होती.

ड्रम निम्मा भरलेला. टँकरला अजून पाच दिवस. बाई बराच वेळ कडेला हात टेकून उभ्या राहिल्या. मग त्यांनी तो मागच्या मुरमाच्या ढिगावर कलंडवला. लिंबाच्या रोपालाही त्यातला थेंब दिला नाही. वाहतं पाणी बघून त्यांचे डोळे भरून आले.

आवाज ऐकून काकासाहेब धावले. "वहिनी, डोकं फिरलं काय? लोक घागरीसाठी भांडायलेत!"

"भाऊ, आत वास घेऊन बघा."

"एका कुत्रीपायी? म्या उन्हातान्हात ड्रम आणले अन् तुम्ही..."

"तुमच्या मनात खोट नव्हती, व्हय ना? मला ठावं हाय. पण सईला ह्याच पाण्यानं न्हाऊ घालता. तिच्या हातावरचं पुरळ बघितलं का?"

सई त्यांची चार वर्षांची नात. काकासाहेब ड्रमात वाकले, आणि बराच वेळ त्यांनी मान वर काढली नाही. काढली तेव्हा चेहरा पार उतरलेला होता.

"म्याच घरोघर वाटले."

"मंग घरोघर सांगू. चला, म्या येते संगं."

दोन दिवस दोघं फिरले. कुणी ऐकलं, कुणी दार लावून घेतलं, कुणी तोंडावर विचारलं, "मंग पाणी काय ओंजळीत भरावं?" काकासाहेबांच्या अंगणात बांधकामासाठी केलेला सिमेंटचा हौद होता. तो त्यांनी घासून-धुऊन गल्लीसाठी मोकळा केला. परत आलेल्या ड्रमांना त्यांनी कुऱ्हाडीनं बुडाशी भोकं पाडली. कुणी ते भंगारातून उचलून पुन्हा पाणी भरायला नको.

तिसऱ्या दिवशी खारकीनं भाताची दोन शितं चाटली. आठवड्यानं ती उठून दारापर्यंत गेली, दमून तिथंच बसली. बाई तिला ताज्या पाण्याची वाटी हातात धरून पाजायच्या.

दीड महिन्यानं पुन्हा रक्त तपासलं. काकासाहेब सईला घेऊन मुद्दाम दवाखान्यात बरोबर आले होते. पोरीचे हात आता स्वच्छ होते.

"छान उतार आहे," मृण्मयी कागद दाखवत म्हणाली. "यकृत मोठं चिवट असतं, संधी दिली की पुन्हा भरून येतं. अजून थोडं राहिलंय. फिनाईल, डासांचं औषध तिच्यापासून लांब ठेवा."

सई भीतभीत पुढं झाली आणि तिनं खारकीच्या हिरडीला बोट लावलं. "आजोबा, गुलाबी झाली!"

काकासाहेबांनी मान दुसरीकडं वळवली आणि उपरण्यानं तोंड पुसलं. खारकी टेबलावरून स्वतःच खाली उतरली आणि दाराकडं चालू लागली. दोरी हातात घेऊन बाईंना तिच्या मागं घाईघाईनं जावं लागलं.