कधीही न भिजलेली लाट

मी एक जुनी लाट आहे. पण मित्रांनो, मला समुद्रात शोधू नका. मी आयुष्यात एकदाही भिजलेली नाही. माझा जन्म तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत, संगणकात झाला. वीस लाख ठिपके एकत्र आणले, प्रत्येकाला पाण्यासारखं वागायला शिकवलं, आणि झाले मी! माझा निळा रंग मात्र निव्वळ हौसेचा. आकड्यांना कुठे रंग असतो?

मला घडवलं एका अभियंता बाईंनी. कार्यालयात सगळे त्यांना लाटबाई म्हणत. माझं काम एकच. संगणकात काढलेल्या जेटीवर जाऊन आदळायचं, म्हणजे खऱ्या लाटेने खऱ्या जेटीचं काय होईल ते आधीच कळावं. माझा एकेक क्षण मोजायला संगणकाला तास न् तास लागत, त्यामुळे मी फार सावकाश जगले. माझा माथा उचलला जाईपर्यंत बाईंचा चहा निवायचा आणि ऊन टेबलावरून भिंतीवर सरकायचं. सगळं कसं झोपेत चालल्यासारखं वाटे. पाहुणे येत, "वा, अगदी खरी दिसते!" म्हणत, आणि मी हुरळून जाई.

मग एक दिवस माझ्यात खोट निघाली. जेटीच्या टोकाला लाकडी फळ्यांवर एक केबिन होती. तिच्याखालच्या कोपऱ्यात मी शिरले की दाबाच्या आलेखावर एक काटा उभा राही. सुईसारखा उंच, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संपलेला. असे काटे पुष्कळदा गणितातल्या चुकीनेच येतात, म्हणून ते छाटून टाकायची तिथे रीत होती.

"छाटून टाका तो," मोठे साहेब म्हणाले. "उद्या अहवाल द्यायचाय."

"हो सर," बाई म्हणाल्या. पण त्यांचा हात माउसवर तसाच राहिला.

कारण खऱ्या जेटीवरच्या त्या केबिनमध्ये त्यांचे वडील बसत. बोटींना बावटा दाखवायचं काम ते तीस वर्षं करत होते, आणि वादळात तर हटकून तिथेच असत.

मित्रांनो, तो काटा म्हणजे माझा खोडसाळपणा नव्हता. त्या कोपऱ्यात पाण्याला जायला वाटच नव्हती, म्हणून ते खालून फळ्यांवर धडकत होतं. ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला तोंड कुठलं? माझं खरं बोलणं आता पुसलं जाणार, या विचाराने मी फार घाबरले.

बाईंनी फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"बाबा, भरतीच्या वेळी केबिनच्या फळ्या हलतात का हो?"

"हलतात कसल्या! खिळे वर येतात. रोज सकाळी हातोडीने ठोकून बसवतो."

"मला कधी बोलला नाहीत ते!"

"त्यात काय सांगायचं? खिळेच ते. तू जेवलीस का?"

साहेबांनी पडद्यावरचा तो काटा पुन्हा एकदा निरखून पाहिला. मग म्हणाले, "काटा राहू द्या. अहवाल परवा देऊ."

केबिन मागे, पक्क्या जमिनीवर हलवली. इथून समुद्र नीट दिसत नाही म्हणून बाबा महिनाभर लेकीशी धड बोलले नाहीत. पुढच्या वर्षी मोठं वादळ आलं आणि टोकाच्या सगळ्या फळ्या खालून उखडून गेल्या. एकही उरली नाही.

पुढे माझ्याहून चपळ लाटा आल्या. मला एका डिस्कमध्ये भरून कपाटात ठेवलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

एका दुपारी बाई बाबांना घेऊन आल्या. "ती दाखव मला," ते म्हणाले. डिस्क जोडली गेली आणि मी पुन्हा उठले. माझ्या जगात केबिन अजून जागच्या जागी होती. बाबा खुर्चीत पुढे सरकले.

"त्या वादळात मी इथेच असतो."

"हो, बाबा."

"थांबव तिला, पोरी."

बाईंनी कळ दाबली. बाबांनी लेकीचा हात घट्ट धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. पण एखादी गोष्ट खटकली, तर ती पुसण्याआधी तिथे राहणाऱ्या माणसाला एकदा विचारा. एवढं माझ्यासाठी कराल ना?

त्या दुपारनंतर मला कुणी पुढे चालवलेलं नाही. फळ्यांपासून हातभर अंतरावर मी माथा उचलून थांबले आहे. आदळण्यासाठीच माझा जन्म झाला, पण खरं सांगते, आता मला पुढे जायचंच नाही.