विटांआडची खिडकी

मी एक जुनी खिडकी आहे, मित्रांनो. सागवानी, दोन झडपांची. घोडेगावाहून डोंगराकडं निघालात की एका लहानशा गावात दगड-चुन्याचं चर्च लागतं. त्याच्या मावळतीच्या भिंतीत मी बसलेली आहे. आम्ही अशा सहा जणी. आमचं काम साधं, एकीनं वारा आत घ्यायचा आणि समोरचीनं बाहेर सोडायचा. शंभर वर्षं आम्ही ते बिनबोभाट केलं. नाताळात गळ्यात झेंडूची माळ पडायची, एवढंच काय ते कौतुक.

ठकूबाईची आणि माझी ओळख तीस वर्षांची. चर्चची झाडलोट तिच्याकडं, रविवारची घंटाही तिच्याकडं. दर शनिवारी पदर खोचून ती मला पुसायची आणि पुसता पुसता बोलायची. "किती धूळ खाती गं बाई तू! माज्या जावंपरीस तुझं पोट मोठं." तिची बसायची जागा माझ्याच शेजारी, बाकाच्या टोकाला. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा छोटा पेला चर्चचे पाळक जागेवर आणून देतात. तीस वर्षांत तिनं एकही प्रभुभोजन चुकवलं नव्हतं, आणि याचा तिला भारी अभिमान होता.

मग डिंभे धरणाच्या कालव्याचं पाणी आलं. ऊस चर्चच्या कुंपणाला येऊन भिडला आणि उसात बिबट्या आला. तुम्ही इकडचे असाल तर हे तुम्हाला सांगायला नको. आठ वर्षांपूर्वी एका शनिवारी, दिवेलागणीच्या आधी, कुत्र्याच्या मागं धावत एक बिबट्या माझ्यातून थेट आत आला. ठकूबाई तेव्हा आत झाडत होती. तिनं केरसुणी टाकली, बाहेर धूम ठोकली आणि दार ओढून घेतलं. धावून आलेल्या लोकांनी बाहेरून आमच्या झडपा लावून घेतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वनखात्याची माणसं पिंजरा घेऊन आली आणि त्याला घेऊन गेली. त्यानं कुणाला ओरखडासुद्धा काढला नव्हता.

मंडळीची बैठक बसली. पाळक अमृत साळवे म्हणाले, "खिडक्यांना गज बसवू या."

ठकूबाई ताडकन उठली. "गजानं काय व्हतंय? त्यो पंजा घालील मधनं. इटा घाला इटा! शनवारी आत येकटी मी असती, तुमी न्हाई."

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ते डोळे तिनं पाहिले होते, बाकीच्यांनी नाही.

आम्हा सहाही जणींना बाहेरून विटांनी बुजवलं. गवंडी आलाच आहे तर म्हणून भिंतींना ऑइलपेंट दिला, कमरेपर्यंत फरशी लावली, आणि माझ्या मिटलेल्या झडपांवरही रंगाचे दोन हात फिरवले. चर्च कसं आरशासारखं दिसू लागलं. लग्नाला आलेले पावणे फोटो काढायचे.

पहिल्या पावसाळ्यात माझी पाठ भिजली. दुसऱ्यात ती बधिर झाली. हात अंगाखाली घेऊन निजलं की तो आपला वाटत नाही ना, तसं. रंगाला फुगे आले, फुग्यांमागून काळे ठिपके आले आणि ते बाकांवरून गीतांच्या पुस्तकांपर्यंत पोचले. आत कुबट वास कोंडला. लोकांची डोकी दुखायची, शेवटचा आशीर्वाद झाला की सगळे बाहेर पळायचे.

ठकूबाई मात्र कोरड्या केरसुणीनं भिंती खसाखसा झाडायची. काळी भुकटी तिच्या तोंडावर पडायची. "बुरशी न्हाई पाळकसायब, नुसती ओल हाय. झाडली की जाती." पुढच्या शनिवारी ती पुन्हा तिथंच असायची. ठकूबाई आधी चर्चमध्ये खोकायची, मग घरी, मग रस्त्यानं चालताना. मी हे दर शनिवारी तिच्याच तोंडून ऐकत होते. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

एका रविवारी तिची लेक रुपाली एकटीच आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "डॉक्टर म्हणले, बुरशीनं फुप्फुसं धरलीत. आईनं या इमारतीत पाय टाकायचा नाय. आई नुसती भिंतीकडं तोंड करून बसली. म्हणती, इटा म्याच घालाय लावल्या, आता कुणाला बोलू?"

पाळक म्हणाले, "चर्च नीट करू. ठकूबाई तिच्या जागेवर परत बसली पाहिजे."

चांगदेव मिस्त्री आले. त्यांनी भिंतीवर थाप मारली, वास घेतला. "भिंतीला रेनकोट घातलाय राव तुमी. आतला घाम जायाचा कुठनं?" त्यांनी फरशी उखडली, रंग खरवडला, तोंडाला फडकी बांधून ओल्या कापडानं बुरशी काढली आणि चुन्याचा गिलावा केला. काम सहा महिने चाललं. माझ्या विटाही फुटल्या. माझी एक झडप कुजली होती, ती नवी केली आणि चौकटीत गज बसवले. वारा आला. सगळे म्हणाले, आता कसं मोकळं वाटतं! मला काहीच वाटलं नाही.

महिन्याचा पहिला रविवार उजाडला. ठकूबाई नवं लुगडं नेसून, रुपालीचा हात धरून आली. उंबऱ्यात तिनं एक श्वास घेतला आणि खोकला सुरू झाला. तो थांबेचना. चिमूटभर राहिलेली बुरशीही आता तिच्या छातीला सोसणार नव्हती. इमारत बरी झाली होती, ठकूबाई झाली नव्हती. रुपालीनं तिला बाहेर नेलं. मला वाटलं, गेल्या घरी.

पण थोड्या वेळानं माझ्या पलीकडं वाळल्या गवतात पावलं वाजली. ठकूबाई बाहेरून येऊन माझ्यापाशी उभी राहिली. आत गीत सुरू होतं. अर्धी ओळ ती गायची, अर्धी खोकायची. प्रभुभोजनाची वेळ झाली तेव्हा पाळक ताट घेऊन तिच्या रिकाम्या जागेपाशी आले आणि तिथंच थबकले.

"द्या की पाळकसायब," ती म्हणाली. "थांबलाय कशापायी? हात अवघडंल तुमचा."

गजांमधून तिनं तळवा आत केला. दुसऱ्या हातानं माझी जुनी झडप घट्ट धरली. तो हात तापलेला होता. सात वर्षांनी मला पहिल्यांदा काहीतरी कळलं, आणि ते दुखणं होतं.

मित्रांनो, भीती वाटली तर गज लावा, कडी लावा, कुत्रं पाळा. पण घराचा वारा कोंडू नका. भिंतीवर पहिला काळा ठिपका दिसेल त्याच दिवशी विचारा, हा आला कुठून? आमच्याकडं ते विचारायला सात वर्षं लागली.

ठकूबाई अजूनही पहिला रविवार चुकवत नाही. पाऊस असला की पाळक म्हणतात, घरी आणून देतो. ती ऐकत नाही. छत्री धरून माझ्या पलीकडं उभी राहते.