ज्याच्यामागे घर नाही

मी एक दार बोलतो आहे. माझ्यामागे घर नाही. समाजकार्याच्या शिक्षणावर देखरेख करणाऱ्या परिषदेने मला चौकटीसह घडवून घेतले आणि परीक्षेच्या दालनात मधोमध उभे केले.

येथून उत्तीर्ण होणारा पुढे कुणाच्या तरी घरी जाणार, तिथले मूल सुखात आहे की नाही हे पाहणार. म्हणून त्याने आधी माझ्यावर टकटक करायची आणि थांबायचे. आतून परीक्षकबाई घरधनीण होऊन विचारीत, "कोण?" आतून होकार मिळण्याआधी जो मला ढकली, तो नापास.

"बाई, सगळं पाठ होतं हो!" एक मुलगी रडकुंडीला आली.

"पाठ होतं, धीर नव्हता. पुढच्या खेपेला ये."

मग बातमी आली. परिषद ठेवावी की मोडीत काढावी, हे ठरवण्यासाठी सरकारी अधिकारी येणार होते. अध्यक्षांनी माझ्या बिजागऱ्यांना तेल घालून घेतले आणि मला सताड उघडे ठेवले.

"साहेबांना अडथळा नको."

"आणि आपला नियम?" बाईंनी विचारले.

"नियमाचं राहू द्या हो, आधी आपण तर राहू!"

भीती माणसाला प्रथम हेच शिकवते.

साहेब जिना चढत असताना बाई आत शिरल्या आणि त्यांनी मला लावून घेतले. आतून कडी घातली. बाहेर अध्यक्ष पांढरेफटक पडले. साहेबांनी वळसा न घालता मला ढकलले. मी हललो नाही.

"कोण?"

"सरकारी तपासणी. उघडा."

"आमचं काय चुकलं, साहेब?"

बाई सोंग करीत नव्हत्या, खरेच विचारीत होत्या. साहेबांनाही ते कळले असावे; त्यांचा हात खाली आला. मग अगदी हलकी टकटक झाली.

"आत येऊ का?"

बाईंनी कडी काढली.

निर्णय अजून आलेला नाही. मला भिंतीला टेकवून ठेवले आहे. काल सुतार माप घेऊन गेला. माझ्या फळ्या कपाटाला चालतील म्हणाला.

मला खुशाल मोडा. पण ज्याला लोकांच्या घरी धाडाल, त्याला उंबऱ्याबाहेर थांबायला शिकवा. ज्याला कोणतेच दार अडवू शकत नाही, तो ईश्वरसुद्धा बोलावल्यावाचून मनात शिरत नाही.

जिन्यावर पावले वाजत आहेत. ती दालनाच्या दाराशी थांबतात का, एवढेच मी ऐकतो आहे.